हरभरा आणि ताट

कोजागरीच्या रात्रीं गच्चीवर दूध आटत असतां आमच्या धाकट्या नातीनें विचारलें, "आजोबा, ताऱ्याताऱ्यांमधलें अंतर जास्त, कीं आकाशगंगांमधलें?" आम्हीं तत्काळ उत्तर दिलें, "अर्थात् आकाशगंगांमधलें! तारे म्हणजे एका घरचीं माणसें. आकाशगंगा म्हणजे दूरदूरचीं गांवें." कोसांच्या हिशोबानें उत्तर बरोबर होतें. परंतु त्या उत्तरानें मुलीच्या मनांत विश्वाचें जें चित्र उभें राहिलें, तें साफ उलटें होतें. आणि शाळेंतहि आम्ही वर्षानुवर्षें तेंच चित्र फळ्यावर काढीत आलों, हें दुसऱ्या दिवशीं कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर कळून आलें. फळ्यावरची चूक आतां पुसतां येत नाहीं. निदान या सदरांत तिची दुरुस्ती करावी, म्हणून हा प्रपंच.

प्रथम नांवें. रात्रीं आकाशांत जो अंधुक पांढरा पट्टा दिसतो, ती आपली आकाशगंगा. ताऱ्यांच्या अशा प्रचंड समुदायास सामान्य नाम 'दीर्घिका'. आपला सूर्य हा आकाशगंगेंतील एक तारा. आणि तींतील ताऱ्यांची संख्या १०,००० कोटींपासून ४०,००० कोटींपर्यंत असावी, असा ज्योतिर्विदांचा अंदाज आहे. निरभ्र व काळोख्या रात्रींहि नुसत्या डोळ्यांस एका वेळीं यांपैकीं दोनतीन हजारच दिसतात.

आतां आकार पाहूं. सूर्याचा व्यास सुमारें १३ लक्ष ९० हजार किलोमीटर आहे. त्यास ७ मिलिमीटरांचा एक हरभरा कल्पून तो रामकुंडाच्या पायरीवर ठेवूं. या मापानें पृथ्वी म्हणजे पाऊण मीटरावरील पिठाचा कण. व्याधाचा जोडीदार जो श्वेतबटू तारा, तोहि असाच पिठाचा कण. उलट मृगांतील तांबूस काक्षी सूर्याच्या शेंकडों पट मोठा असल्यामुळें एक अख्खी खोली व्यापील. ताऱ्यांत लहानथोर इतकें आहे. परंतु शेजारी केवढ्या अंतरावर? सूर्यासारखा सर्वांत जवळचा तारा 'मित्र', तो ४.३७ प्रकाशवर्षें दूर. (एका वर्षांत प्रकाश सुमारें साडेनऊ लक्ष कोटी किलोमीटर जातो, तें एक प्रकाशवर्ष.) तो दुसरा हरभरा २०८ किलोमीटरांवर ठेवावा लागतो, म्हणजे सिन्नर, संगमनेर, नारायणगांव ओलांडून रस्त्यानें थेट पुण्यास! मित्राचा एक मोहरीएवढा सोबती पांचसहा किलोमीटर अलीकडे सांपडेल. बाकी सारी वाट मोकळी.

आतां माप बदलूं. आकाशगंगेचा व्यास सुमारें १ लक्ष प्रकाशवर्षें आहे. तीस एक फूट रुंदीचें जेवणाचें ताट समजूं. शेजारची मोठी दीर्घिका देवयानी २५ लक्ष प्रकाशवर्षांवर आहे. तिचें ताट आपल्याहून कांहींसें मोठें, आणि तें मांडावयाचें अवघ्या २५ फुटांवर. एकाच पंगतींत, दहाबारा पानें सोडून. मधल्या जागेंत वाट्यांएवढ्या लहान दीर्घिका विखुरलेल्या.

म्हणजे आपापल्या आकाराशीं ताडून पाहिलें, तर शेजारच्या ताऱ्यांत त्यांच्या व्यासाच्या सुमारें तीन कोटी पट अंतर, आणि दीर्घिकांत पंचवीस पट. गर्दी दीर्घिकांची आहे. एकलेपणा ताऱ्यांचा आहे. म्हणूनच दीर्घिका एकमेकींवर आदळतात, पण त्यांतले तारे सहसा आदळत नाहींत. आपली आकाशगंगा व देवयानी यांची टक्कर पूर्वीं निश्चित मानीत. २०२५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार पुढील १,००० कोटी वर्षांत ती होण्याचा व न होण्याचा संभव जवळजवळ सारखाच आहे. झालीच, तरी हरभऱ्यास हरभरा लागण्याची भीति जवळजवळ नाहीं.

पंगतींच्याहि पंगती असतात. २०१७ सालीं पुण्याच्या आयुका व आयसर या संस्थांतील ज्योतिर्विदांनीं मीन राशीच्या दिशेस दीर्घिकांचा एक महासमूह शोधून त्यास 'सरस्वती' हें नांव दिलें. त्याचें अंतर सुमारें ४०० कोटी प्रकाशवर्षें आणि विस्तार ६० कोटी. ताटाच्या मापानें ही पंगत बारा किलोमीटरांवर, पांडवलेण्यांच्या पलीकडे, आणि लांबी पावणेदोन किलोमीटरांहून अधिक! दृश्य विश्वाची सीमा सुमारें ४,६०० कोटी प्रकाशवर्षांवर मानतात. ती या मापानें १४० किलोमीटर, म्हणजे सरळ रेषेंत मुंबईच्या उपनगरांपर्यंत. दोन शेजारी हरभऱ्यांमध्यें जेवढी वाट, तेवढीहि ताटांच्या विश्वाच्या सीमेपर्यंत लागत नाहीं. आम्हांस हें गणित तीनदां करून पाहावें लागलें.

दीर्घिका एकंदर किती? हबल दुर्बिणीच्या पहिल्या खोल छायाचित्रांवरून दहावीस हजार कोटी हा अंदाज निघाला. २०१६ मध्यें तो २ लक्ष कोटींवर गेला. २०२१ मध्यें न्यू होरायझन्स यानानें आकाशाचा काळोख मोजला, तेव्हां पुन्हां खालीं आला. मतभेद मुख्यतः लहान व अंधुक दीर्घिकांविषयीं आहे, आणि संख्येनें त्याच अधिक. म्हणून प्रत्येक दीर्घिकेंत आकाशगंगेएवढे तारे धरून गुणाकार करूं नये. तरीहि ताऱ्यांची बेरीज एकावर बावीस शून्यें किंवा त्याहून अधिक भरते. भास्कराचार्यांच्या लीलावतींतील संख्यास्थानें परार्धापर्यंत, म्हणजे सतरा शून्यांपर्यंत, जातात; येथें निदान लक्ष परार्ध लागतील.

नातीपाशीं चूक कबूल केली. तिनें माजघरांत दोन ताटें पंचवीस फुटांवर मांडून पाहिलीं, आणि पुण्यास निघालेल्या काकाच्या खिशांत एक हरभरा घातला. वाचकांनींहि मुलांस घेऊन कार्तिकांतील एखाद्या अमावास्येस शहराच्या दिव्यांपासून दूर जावें. भाद्रपदांच्या चौकोनाजवळ देवयानीचा पुसट ठिपका नुसत्या डोळ्यांनीं दिसतो. पंगतींतलें तें शेजारचें पान. त्याचा उजेड निघून २५ लक्ष वर्षें झालीं आहेत.