पाटी भिंतीवर, हक्क कुठे?



गेल्या महिन्यात एका रविवारी विहारात वंदना आटोपली आणि आम्ही सतरंज्या गोळा करीत होतो. तेवढ्यात मागच्या चाळीतल्या एक भगिनी जवळ आल्या. म्हणाल्या, "दादा, तुम्ही पेपरात लिहिता ना? मग मला एक सांगा. पाटी लावली असली म्हणजे तसं वागावं लागतं की नाही?"

कसली पाटी, ते आम्हाला आधी कळेना. मग त्यांनी बसून सगळे सांगितले. त्यांचे यजमान गोदामात ओझी उचलतात. रात्री अकराच्या सुमारास त्यांच्या छातीत कळ आली, अंगाला दरदरून घाम फुटला. रिक्षा करून जवळच्या खाजगी दवाखान्यात नेले. खिडकीवरचा माणूस म्हणाला, आधी वीस हजार अनामत भरा, मग दाखल करून घेऊ. बाईंच्या जवळ दोन हजार तीनशे रुपये होते. दीर पैशांची जुळवाजुळव करायला धावला आणि पेशंट दीड तास बाकावर बसून राहिला. त्या दीड तासात बाईंचे लक्ष समोरच्या भिंतीकडे गेले. पाण्याच्या कूलरच्या मागे रुग्णांच्या हक्कांची पाटी होती. कूलरमुळे खालच्या ओळी झाकल्या होत्या, पण वरची एक ओळ दिसत होती : तातडीच्या वेळी पैशांसाठी उपचार अडवू नयेत. बाई सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि खिडकीवरच्या माणसाला दाखवली. तो म्हणाला, "ताई, ते सरकारचं आहे. इथले नियम वेगळे."

यजमान वाचले. बोरमाळ सावकाराकडे गेली. आता डॉक्टरांनी ओझे उचलू नका म्हणून सांगितले आहे, आणि ओझे उचलल्याशिवाय त्यांच्या घरात पगार येत नाही.

बाईंच्या प्रश्नाचे सरळ उत्तर "होय, तसे वागावेच लागते" असेच आहे. मग कुणी वागत का नाही, याचे उत्तर मात्र लांबचे आहे, आणि ते कायदा कसा लिहिला जातो तिथपर्यंत जाते. आरोग्यहक्काचा कायदा व्हावा ही मागणी महाराष्ट्रात जन आरोग्य अभियानासारख्या संघटना अनेक वर्षे करीत आहेत. असा मसुदा पुढे येतो तेव्हा आपण वर्तमानपत्रात मथळा वाचतो आणि पान उलटतो. या वेळी पान उलटू नका, एवढ्याचसाठी हा मजकूर.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा विषय राज्यांच्या यादीत आहे. म्हणजे याबाबत कायदा करण्याचे काम मुख्यतः मुंबईच्या विधानभवनाचे आहे. ४७ व्या अनुच्छेदात लोकांचे पोषण आणि आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. पण ते मार्गदर्शक तत्त्व. ते दाखवून थेट कोर्टात दाद मागता येत नाही. म्हणून वेगळा कायदा लागतो.

कायदा म्हटला की तो आपल्याच भल्याचा, असे समजायचे कारण नाही. १८९७ साली प्लेगच्या वेळी इंग्रज सरकारने साथरोगांचा कायदा केला. चारच कलमांचा कायदा. त्यात सरकारला अधिकार आहेत, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा आहे, अंमलदाराला संरक्षण आहे. रोग्याला औषध मिळेल असे एकही कलम नाही. त्याच वर्षी पुण्याजवळ सावित्रीबाई आणि डॉ. यशवंत प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होते. मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी मूल सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांना हे काम कुठल्या कायद्याने सांगितले नव्हते. आणि तो कायदा असा चिवट, की २०२० साली कोरोनाच्या वेळी तोच बाहेर काढावा लागला. त्या वर्षी त्यात दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवर होणारे हल्ले रोखण्यासाठी. ते योग्यच झाले. पण रोग्याच्या हक्काची ओळ तेव्हाही त्यात आली नाही.

दुसऱ्या तऱ्हेचा कायदा कसा असतो, ते बाबासाहेबांनी दाखवले. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात गिरणीतल्या बाळंतिणींना पगारी रजा देण्याचे बिल आले. हा भुर्दंड आम्ही का सोसावा, असा मालकांचा सूर होता. बाबासाहेब त्या वेळी कौन्सिलात होते. त्यांनी बिलाला पाठिंबा दिला आणि मुद्दा असा मांडला, की बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे यात साऱ्या देशाचे हित आहे, म्हणून त्याचा बराचसा भार खरे तर सरकारने उचलला पाहिजे. १९२९ मध्ये कायदा झाला. बाईला काय मिळणार आणि पैसा कुणाच्या खिशातून जाणार, या दोन गोष्टी बाबासाहेबांनी एकत्रच धरल्या होत्या. आरोग्याचे कुठलेही बिल वाचताना हीच नजर हवी.

आता आपल्या बाकावरच्या पेशंटकडे येऊ. जखमीचा जीव वाचवणे हे सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले. १९९६ च्या निकालातली हकीकत तर आपल्यातलीच वाटावी. बंगालमधला एक शेतमजूर १९९२ साली रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. कलकत्त्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्याला परत पाठवले. शेवटी खाजगी ठिकाणी सुमारे सतरा हजार रुपये खर्चून तो वाचला. न्यायालयाने त्याला पंचवीस हजारांची भरपाई दिली आणि सांगितले, की वेळेवर उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे २१ व्या अनुच्छेदाचा भंग आहे. त्या माणसाच्या पाठीशी शेतमजुरांची संघटना उभी होती, म्हणून खटला दिल्लीपर्यंत गेला. एकट्याला ते जमले नसते.

पाटीची गोष्ट याच्या पुढची. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. तातडीचे उपचार, खर्चाची माहिती, केसपेपरची प्रत, बिलासाठी पेशंट किंवा मृतदेह अडवून न ठेवणे, असे हक्क तिच्यात आहेत. महाराष्ट्रात खाजगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली होते. केंद्राने २०१० साली नवा कायदा केला, पण आपल्या राज्याने तो घेतला नाही. आपला स्वतंत्र कायदा करू म्हणत मसुद्यांतच वर्षे गेली. शेवटी जानेवारी २०२१ मध्ये जुन्या कायद्याचे नियम सुधारले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावे, आणि तक्रारीसाठी स्थानिक कक्ष असावा, असे त्यात आले. कूलरमागची पाटी आली ती इथून. दर्शनी भाग म्हणजे कूलरची मागची बाजू, असा अर्थ कुणी लावेल हे नियम लिहिणाऱ्यांच्या मनात आले नसावे!

काही वाचक म्हणतील, आता कार्ड आहे, योजना आहे, मग कायदा कशाला? महात्मा फुले जन आरोग्य योजनेने आपल्या वस्तीतल्या कित्येकांची ऑपरेशने झाली, ते आम्ही नाकारत नाही. पण ही योजना २०१२ मध्ये एका नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये दुसऱ्या नावाने चालू लागली. योजना सरकारच्या ठरावाने येते, ठरावानेच तिच्यातले आजार आणि रुग्णालये कमी-जास्त होतात. हक्क विधिमंडळाच्या कायद्यात बसला, तर तो काढायला पुन्हा विधिमंडळातच यावे लागते.

राजस्थानने हे करून पाहिले. २१ मार्च २०२३ रोजी तिथल्या विधानसभेने आरोग्यहक्काचा कायदा मंजूर केला. तातडीच्या वेळी आगाऊ पैसे न मागता उपचार, रुग्णाकडून बिल वसूल झाले नाही तर सरकारकडून भरपाई, नियम मोडला तर पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आणि पुढे पंचवीस हजारांपर्यंत दंड. खाजगी डॉक्टरांनी रुग्णालये बंद ठेवली, मोर्चे काढले. सरकार पैसे वेळेवर देईल याचा भरवसा काय, हा त्यांचा प्रश्न होता. आम्हाला तो पूर्णपणे खोटा वाटत नाही. सरकारी बिले किती रखडतात हे आपल्या कंत्राटी कामगारांना विचारा. ४ एप्रिलला तडजोड झाली आणि पन्नासपेक्षा कमी खाटांची खाजगी रुग्णालये कायद्याबाहेर ठेवण्याचे ठरले. पण गरीब माणूस रात्री अकराला जातो तो अशाच लहान दवाखान्यात. तक्रार ऐकणाऱ्या मंडळांवर सामान्य लोकांचे प्रतिनिधी असावेत ही मागणीही मागे पडली. दवाखान्याविरुद्धची तक्रार डॉक्टर आणि अधिकारी ऐकणार, तर बाई बोलणार कशी?

आपल्याकडे बिल येईल तेव्हा म्हणून आम्ही आधी हेच पाहू, की लहान दवाखाने आत आहेत की बाहेर, पैसा कोण आणि किती दिवसांत देणार, आणि तक्रारीच्या खुर्चीवर आपला माणूस आहे का. शिवाय शहराचे आरोग्य ज्यांच्या झाडूवर उभे आहे, त्या सफाई कामगारांची तपासणी आणि उपचार त्यात लिहिलेले हवेत. गटारात माणूस उतरवायला बंदी करणारा कायदा २०१३ चा, आणि गटारात मेलेल्यांच्या वारसांना तीस लाख द्या असे सर्वोच्च न्यायालयाला २०२३ मध्ये सांगावे लागले. मधली दहा वर्षे कुणाची गेली, ते आपल्याला ठाऊक आहे.

त्या भगिनींना आम्ही तेव्हा इतके सगळे सांगितले नाही. पुढच्या रविवारी विहारातच बसून त्यांचा अर्ज लिहिला. तारीख, वेळ, मागितलेली रक्कम, बाकावर गेलेला दीड तास आणि कूलर, सगळे त्यात घातले. त्यांचा बारावीतला मुलगा म्हणाला, "काका, कूलर कशाला?" आम्ही म्हटले, असू दे. सोबत पावत्यांच्या प्रती जोडल्या. महानगरपालिकेच्या आरोग्य खात्यात अर्ज द्यायला बाई स्वतः गेल्या. तिथल्या कारकुनाने अर्ज ठेवून जा म्हटले, तर त्या पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलल्या नाहीत. शिक्का आणि आवक क्रमांक असलेली ती प्रत त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवली आहे.

उत्तर आले की याच पानावर कळवू. न आले तरी कळवू.