‘यीस्ट आढळले’ एवढ्याने भागत नाही

रक्ताच्या कल्चरचा अहवाल येतो, ‘यीस्ट आढळले’. ही एकपेशीय बुरशी कोणत्या जातीची, ते लिहिलेले नसते. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या जिवाचा प्रश्न तिथेच अडतो. कॅन्डिडा अल्बिकन्स बहुधा फ्लुकोनाझोलला दाद देते, क्रुसी मुळातच देत नाही. 2009 मध्ये जपानमधून प्रथम नोंदलेली ऑरिस तर एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पसरते. अनेक स्वयंचलित यंत्रे तिला ‘हिमुलोनी’ ठरवून मोकळी होत असत.

सुरुवातीला महागडे यंत्र लागत नाही. थोड्या सीरममध्ये यीस्ट मिसळून 37 अंश सेल्सिअसला दोन-तीन तास ठेवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. मटकीसारखे मोड दिसले, तर बहुधा अल्बिकन्स. ही जर्म ट्यूब चाचणी तालुक्याच्या प्रयोगशाळेतही होऊ शकते.

मोड आले नाहीत तर? आपल्याकडे असे वरचेवर होणार. देशातील 27 अतिदक्षता विभागांच्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रक्तात सर्वाधिक सापडली ती ट्रॉपिकॅलिस. अशा वेळी नमुना माल्डी-टॉफ यंत्र असलेल्या मोठ्या प्रयोगशाळेत जायला हवा. पनवेलहून मुंबई काही लांब नाही. नमुना नेणारी रोजची गाडी आणि जातीचे नाव लिहिलेले उत्तर, एवढी व्यवस्था आरोग्य खात्याने करावी.