दिवाळे आणि दिवाळी

दिवाळी अंकात दिवाळ्याची गोष्ट काढणे काहींना अशुभ वाटेल. पण गोष्ट तुकोबांची आहे. दिवाळे निघाले, दुष्काळाने पिडले, गुरेढोरे गेली, चारचौघांत अपमान झाला, हे सारे चांगलेच झाले, असे विठ्ठलाला सांगणारा त्यांचा अभंग मी पंधरा वर्षे वर्गात शिकवीत आलो. शिकवीत आलो म्हणजे, फळ्यावर ‘उपरोध’ एवढा शब्द लिहून मोकळा झालो! आपत्तीबद्दल कोणी मनापासून देवाचे आभार मानील, हे माझ्या एम.ए.च्या हिशेबात बसत नव्हते.

गेल्या वर्षी भाद्रपदात वडील गेले. चौदाव्या दिवशी पहाटे पाहतो, तो आई देव्हाऱ्यातली ताम्हन-पळी चिंच लावून घासते आहे. मी जरा तोडूनच विचारले, “आई, एवढे झाल्यावरही?” मान वर न करता ती म्हणाली, “अरे, तेरा दिवस देव पारोसे आहेत.”

त्या दिवसापासून मी तुकोबांचा दुसरा अभंग, स्वतःची हकीकत सांगणारा, पुन्हा पुन्हा वाचू लागलो. 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. आईबाप आधीच गेलेले. व्यापार बुडाला, पत तर गेलीच, आणि पहिली बायको अन्न अन्न करीत मेली. तिथे ते आभारबिभार मानीत नाहीत. लाज वाटली, जीव कष्टी झाला, असे स्वच्छ सांगतात. मग देहूचे पडके देऊळ दिसते, ते दुरुस्त करावेसे वाटते. पुढे एकादशीचे कीर्तन. तेही आरंभी अभ्यासात चित्त नसताना! संतांची वचने पाठ करायची, पुढे गाणाऱ्यामागे ध्रुपद धरायचे. आधी दगडमाती, मग पाठांतर, मग दुसऱ्याच्या मागे गाणे. ‘चांगलेच झाले’ हे शब्द या साऱ्यानंतर कधीतरी आले असावेत, असे मला आता वाटते. फळ्यावरचा तो शब्द मी यंदा लिहिला नाही.

आई मात्र तसे काही अजून म्हणालेली नाही. मीही नाही.

वर्ष सरले. परवा तिने माळ्यावरचा आकाशकंदील काढायला लावला. कागद फाटलेला, एक कामटी मोडलेली. “नवा आणतो,” मी म्हणालो.

“त्यांनी बांधलेला आहे,” ती म्हणाली. “तू कामटी बघ. मी खळ करते.”