जुनी मेमरी कार्डं पुसू नका, आधी माझ्याकडे आणा



काम घाईचं आहे, म्हणून तलमडुगु मंडलातल्या समस्त गावकऱ्यांना, आया-बहिणींना आणि कामाधंद्यासाठी आदिलाबाद, हैदराबाद, नागपूरकडे गेलेल्या आपल्या पोरांना मागणं आधी सांगतो. गेल्या दहा-बारा वर्षांत माझ्याकडून ज्यांनी लग्नाची, बारशाची, काकड्याची, भजनाची किंवा दंडारीच्या नाचाची शूटिंग नेली असेल, त्यांनी ती डीव्हीडी, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, जे काय असेल ते माझ्या शूटिंगच्या दुकानात आणून द्यावं. कॉपी करून त्याच दिवशी परत देईन. पैसा घेणार नाही. पण दिवाळीच्या आत आणा. दंडारी निघाली की नवीन व्हिडिओला जागा लागते आणि लोक जुनी कार्डं पुसून मोकळे होतात, हे मी दरवर्षी बघतो.

झालंय असं की माझी हार्ड डिस्क बसली. दोन टीबीची, सगळं काम तिच्यावर. एका सकाळी लावली तर आतून टक्, टक्, टक्, मग जरा थांबून पुन्हा टक्. लॅपटॉप विचारायला लागला, फॉरमॅट करायचं का? तेवढं मात्र केलं नाही. बाकी सगळे उद्योग केले. केबल बदलली, पोर्ट बदललं, शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. सहाव्या खेपेला दिवासुद्धा लागला नाही. पहिल्या ‘टक्’लाच काढून ठेवली असती, तर बरंच वाचलं असतं. दुसरी प्रत नव्हती. आणि दुकानाच्या पाटीवर मी ‘आठवणी जपतो’ असं लिहून घेतलंय!

त्यात एका हळदीचं चित्रीकरण होतं. नवरीची पणजी जात्याशी बसून ओव्या म्हणत होती. मध्येच खोकला आला, कोणीतरी पाणी दिलं, आणि बाईनं नेमका तोडलेला शब्द उचलून ओवी पुरी केली. ती म्हातारी आता नाही. परवा तिची नात दुकानात आली, आजीचा आवाज आहे का म्हणून विचारायला. मी मान खाली घातली.

असं चित्रीकरण गेलं की आपल्याकडे मागे काही उरत नाही, त्याचं कारण जुनं आहे. 1956 साली आपल्या जिल्ह्यातले किनवट, राजुरा तिकडे मुंबई राज्यात गेले, आपण इकडे तेव्हाच्या आंध्रात राहिलो. तेव्हापासून इकडची मराठी सरकारी कागदावर थोडी, घरात जास्त. त्यामुळे अशी घरगुती शूटिंग हेच आपलं दप्तर. मानववंशशास्त्रज्ञ हायमेंडॉर्फ साहेबांनी 1940 च्या दशकात मारलवाई गावात राहून काढलेले गोंडांचे फोटो आज लंडनच्या विद्यापीठात नीट सांभाळलेले आहेत. आमची दहा वर्षांपूर्वीची हळद मात्र माझ्या एका खणात मेली.

ज्यांच्या घरी अशी डिस्क टकटक करत असेल त्यांनी हेही ऐकावं. आतली तबकडी सहसा मिनिटाला 5400 फेरे घेते आणि वाचणारं हेड तिला न टेकता तरंगतं, मध्ये काही नॅनोमीटरचीच फट. हेड बिघडलं की त्याला आपली जागा सापडत नाही, ते परत मागे जातं, परत येतं. तोच हा आवाज. प्रत्येक वेळी चालू केलं की तबकडी घासायची भीती, आणि घासलेलं परत येत नाही. तेव्हा पिन काढा, ठेवून द्या. यूट्यूब बघून स्क्रू खोलू नका. वेचणीच्या दिवसांत आपल्या घरात कापसाचे किती तंतू उडतात ते ठाऊक आहे ना? फ्रीजमध्येही ठेवू नका. धूळमुक्त खोली असलेल्या लॅबलाच द्यावी लागते, आणि खर्च दहा-वीस हजारांच्या पुढे सहज जातो. मी त्या पैशांची जमवाजमव करतोय, पण लॅबवालेही खात्री देत नाहीत.

आवाज नसेल, नुसती हळू चालत असेल, तर गोष्ट वेगळी. कॉम्प्युटर ‘दुरुस्त करू का’ विचारेल, तिथंही नाही म्हणा. तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर आधी पूर्ण नक्कल उतरवायची. डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो कापूस वेचल्यासारखं काम करतो: फुटलेली बोंडं पहिल्या वेचणीत, अडलेली दुसऱ्या फेरीत, आणि कुठली ओळ राहिली याची नोंदही ठेवतो. मग जी शोधाशोध करायची ती नकलेत.

कार्ड पुसून झालं असलं तरी आणा. पुसलं म्हणजे बहुतेक वेळा फक्त यादीतलं नाव जातं, माल आत पडलेला असतो, वर नवीन काही भरेपर्यंत. फोनच्या आतल्या मेमरीचं तसं नाही, तिथलं गेलं की गेलंच समजा. म्हणून भांड्यांच्या बदल्यात जुना फोन देण्याआधी त्यातलं कार्ड काढून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला धूसर तुकडाही चालेल.

सुंकिडी, कज्जरला, देवापूर, कुचलापूरच्या मंडळींनी एकत्र करून एकाच माणसाजवळ पाठवलं तरी हरकत नाही. कार्डाला चिठ्ठी चिकटवा: नाव, गाव, कार्याचं साल. सकाळी नऊ ते रात्री आठ दुकान उघडं आहे. यावेळी दोन डिस्कवर उतरवून घेतोय, आणि दुसरी माझ्या घरात राहणार नाही.