वर्षभराच्या कादंबऱ्या आणि आपले जंगल

ऐतिहासिक कादंबरी म्हणजे राजवाड्याची आणि आजच्या काळावरची कादंबरी म्हणजे सामान्य माणसाची, अशी एक सोयीची वाटणी आपण वाचक मंडळी करून बसलो आहोत. ग्रंथालयातली कपाटेसुद्धा पुष्कळदा याच हिशेबाने लावलेली असतात. गेले वर्षभर मी दोन्ही कपाटांतल्या कादंबऱ्या आलटून पालटून वाचल्या आणि माझे मत असे झाले की ही वाटणी खोटी आहे. कादंबरी कोणत्या शतकात घडते याला फारसे महत्त्व नाही. त्या शतकाच्या दप्तरात ज्याचे नाव आले नाही त्याला ती बोलू देते की नाही, हा खरा प्रश्न आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला तर हा प्रश्न टाळताच येत नाही.

सुरुवात अर्थातच 'स्वामी'पासून. रणजित देसाईंची ही कादंबरी १९६२ ची. सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला देह ठेवणाऱ्या थोरल्या माधवरावांची व्यथा देसाई अशा हळुवारपणे सांगतात की पेशवाईशी काडीचाही संबंध नसलेला वाचक गहिवरतो. हे यश मोठे आहे आणि ते नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण १७६९ मध्ये याच माधवरावांच्या फौजेने नागपूरकर भोसल्यांवरील मोहिमेत आपल्या चांद्याला वेढा घातला होता, हे लक्षात आले की मन थोडे थबकते. पुण्याहून पाहिलेल्या इतिहासात चांदा हे कोणाच्या तरी मोहिमेतले एक ठाणे असते. जटपुरा आणि पठाणपुरा दरवाजांच्या आत राहणाऱ्या माणसांनी त्या वेढ्यात काय खाल्ले, काय गमावले, हे त्या इतिहासाला विचारावेसे वाटत नाही. दोष एका लेखकाचा नव्हे. आपली ऐतिहासिक कादंबरी बहुतांशी सिंहासनाच्या पायरीवर बसूनच इतिहास पाहत आली, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

मग ऐतिहासिक कादंबरी जंगलातून लिहिता येतच नाही काय? येते, आणि कशी येते ते बंगालीतल्या महाश्वेता देवींनी दाखवून दिले आहे. त्यांची 'अरण्येर अधिकार' १९७७ ची. १९७९ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मी ती 'जंगल के दावेदार' या हिंदी रूपात वाचली. १९०० साली रांचीच्या तुरुंगात, ऐन पंचविशीत मरण पावलेल्या बिरसा मुंडाची ही कथा. येथे राजवाडा नाही, दरबारी भाषा नाही. आहे ते मीठ आणि भात यांचे दुर्भिक्ष, आणि ज्या रानात आजा-पणजा वाढला त्या रानात आपण चोर कसे ठरलो हा प्रश्न. हा प्रश्न आपल्याकडच्या कोणत्याही गावात आजही समजावून सांगावा लागत नाही.

विभूतिभूषण बंदोपाध्यायांची 'आरण्यक' (१९३९) ही माझी दुसरी आवडती बंगाली कादंबरी. तिचा नायक सत्यचरण हा जमीनदारीचा व्यवस्थापक. जंगलावर त्याचे प्रेम जडते, आणि त्याची नोकरी मात्र ते जंगल तोडून कुळांना वाटून देण्याची. दोबरू पन्ना नावाचा वृद्ध आदिवासी राजा त्याला भेटतो. त्याचे राज्य गेले आहे, पण राजेपण गेलेले नाही. बल्लारपूर आणि चंद्रपूर येथील गोंड राजांचे किल्ले पाहत वाढलेल्या माणसाला हे प्रकरण परके वाटत नाही. शिवाय सत्यचरण हा आपणा सुशिक्षितांचाच प्रतिनिधी नव्हे काय? ताडोबाच्या सौंदर्यावर निबंध लिहायचा आणि नोकरी मात्र खाणीत शोधायची, हा पेच आपल्यापैकी किती जणांचा आहे!

विश्वास पाटलांनी 'पानिपत' (१९८८) लिहिली आणि 'झाडाझडती'ही (१९९१). दोन्ही गाजल्या, पण माझे मत दुसरीच्या बाजूने. धरणाखाली जाणारे गाव, पुनर्वसनाचे कागद, आणि त्या कागदांपुढे हतबल होणारे खैरमोडे गुरुजी हे पानिपतच्या रणाइतकेच भीषण आहे; फक्त येथे तोफा वाजत नाहीत. कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'मध्ये, ज्या कादंबरीला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, विस्थापित देवाप्पा मागे राहिलेल्या म्हशीसाठी उठलेल्या गावी परत जातो. बोटेझरी, जामणी ही गावे ताडोबाच्या गाभ्यातून बाहेर आली. गोदावरीवरच्या मेडीगड्डा धरणाचे पाणी सिरोंचा तालुक्यातल्या शेतांत शिरले. येथल्या प्रत्येक उठलेल्या किंवा बुडालेल्या शिवारात एखादा देवाप्पा असेलच. त्याला शोधायला कोल्हापूरकडे जाण्याची गरज नाही.

आणि आता माझ्या वर्षातली पहिल्या क्रमांकाची कादंबरी: विलास मनोहर यांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म'. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसाने ती लिहिली आहे. शैलीच्या दृष्टीने ती 'स्वामी'च्या जवळपासही जात नाही. वाक्ये साधी, कोठे कोठे ओबडधोबड. तरीही मी तिला पहिला क्रमांक देतो, कारण जुरू हा माडिया तरुण तिच्यात बातमीचा विषय म्हणून येत नाही, माणूस म्हणून येतो. वर्तमानपत्रांत आपला जिल्हा येतो तो चकमकीच्या आकड्यांपुरता. एक साधा माणूस त्या आकड्यापर्यंत कसा ढकलला जातो, ही वाट ही कादंबरी पावलापावलाने दाखवते. गार्ड, ठेकेदार, पोलीस आणि दलम यांच्यामध्ये सापडलेल्याची बाजू घेण्यासाठी कोणत्याही बंदुकीची बाजू घ्यावी लागत नाही, हे ती शिकवते.

मात्र एक उणीव मला जाणवते. हे लेखन आस्थेचे असले तरी बाहेरून येथे आलेल्या माणसाचे आहे. जुरूची माडिया भाषा आपल्याला प्रमाण मराठीतूनच ऐकावी लागते. धानाची कापणी झाली की वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या गावोगाव रात्र-रात्र नाटके करतात आणि हजारो माणसे थंडीत बसून ती पाहतात. म्हणजे गोष्टीची भूक आणि गोष्ट सांगण्याची ताकद दोन्ही या झाडीपट्टीत आहेत. मग ती ताकद कादंबरीत का उतरू नये? आपल्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षे बल्लारपूरच्या कागद गिरणीत गेला. त्या कागदावर गोष्टी मात्र दुसऱ्यांच्या छापल्या गेल्या.

२१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव शेडमाके यांना चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. बिरसा मुंडाच्या बेचाळीस वर्षे आधी. बिरसाला महाश्वेता देवी भेटल्या. बाबुरावांच्या वाट्याला त्या तोडीची मराठी कादंबरी अजून आलेली नाही. राणी हिराईने पतीची, बीरशहाची, समाधी बांधली. ती समाधी पाहायला आपण जातो, पण त्या बाईचे मन कोणी लिहिले? गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. हीही उद्याच्या ऐतिहासिक कादंबरीचीच सामग्री आहे.

तेव्हा मित्रहो, 'स्वामी' वाचा, जरूर वाचा. पण वाचून झाल्यावर आपल्या आजीला, गावच्या पाटलाला, भुमक्याला विचारा की चांद्याच्या राजाविषयी आणि बाबुरावांविषयी त्यांनी काय ऐकले आहे. जे ऐकाल ते त्यांच्याच बोलीत उतरवून काढा. ते गोंडी असो, माडिया असो वा झाडीबोली. पुढच्या वार्षिकांकात त्यातली चार पाने जरी छापून आली, तरी ग्रंथालयाच्या कपाटात आपल्या जिल्ह्यासाठी जागा करण्याचे काम सुरू झाले असे मी समजेन.