मोडीवाचून इतिहासाची पदवी

इतिहासात एम. ए. व्हावे आणि आपल्याच खापरपणजोबांचे पत्र वाचता येऊ नये, ही स्थिती कोणाही विचारी मनुष्यास लज्जास्पद वाटेल. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद रुमालांत बांधलेले आहेत व त्यांतील बहुतेक मोडी लिपीत आहेत. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० पासून त्यांतील वेचे ४५ भागांत छापविले. पण ती समुद्रातील ओंजळच होय. असे असता मोडीचे एक अक्षर न ओळखताही आमच्या विद्यार्थ्यास ही पदवी मिळू शकते!

कोणी म्हणेल, छापील ग्रंथ आहेत तेवढे पुरे. त्यांस आमचा सवाल असा की, अस्सल दस्त न पाहता केवळ वकिलाच्या भाषणावरून दिलेल्या निकालास न्याय कोण म्हणेल? राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ याचा पहिला खंड काढला, तो अस्सल पत्रांचाच. पुरावा स्वतः पारखता येणे हेच उच्च शिक्षणाचे प्रयोजन होय.

यास्तव विद्यापीठांनी मराठ्यांचा इतिहास घेणाऱ्यास मोडीवाचन आवश्यक करावे व प्रत्येकाकडून निदान दहा अप्रकाशित कागद वाचवून घ्यावे. व्यापारी बंधूंसही विनंती की, माळ्यावरील जुन्या खतावण्या रद्दीत घालू नयेत. बाजारभाव, हुंड्या व व्याज यांचा इतिहास त्यांच्याच घरी कसरीच्या तोंडी पडला आहे. वाचणारा तयार होईतो कागद तरी शिल्लक राहोत!