रकान्याबाहेरचे मृत्यू

विधिमंडळाच्या छापील प्रश्नोत्तरांच्या याद्या ज्यांनी कधी चाळल्या असतील त्यांना सरकारी उत्तरांची ठरावीक भाषा परिचयाची असेल. 'हे खरे आहे काय?' असा प्रश्न, त्यावर 'हे अंशतः खरे आहे' असे उत्तर आणि पुढच्या उपप्रश्नाला 'प्रश्न उद्भवत नाही' असा पूर्णविराम. या भाषेत उघड खोटे क्वचितच बोलले जाते. खोटे न बोलता सत्य टाळण्याची सोय मात्र तीत भरपूर आहे. रस्ते, धरणे किंवा अनुदाने यांच्या बाबतीत ही टाळाटाळ फार तर कालहरणात जमा होते. सार्वजनिक आरोग्याच्या आकडेवारीत ती शिरली, म्हणजे मेलेल्या माणसाची नोंद तेवढी नाहीशी होते. नाशिक शहराने आणि जिल्ह्याने याचा अनुभव एकदा नव्हे, अनेकदा घेतला आहे. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी कोट्यवधी रुपयांच्या योजना आखल्या जात असताना त्या अनुभवाची उजळणी अस्थानी ठरू नये.

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टँकरमधून प्राणवायूची टाकी भरली जात असताना गळती झाली. टाकीतील दाब घसरला, रुग्णांना होणारा पुरवठा काही काळ खंडित झाला आणि करोनावर उपचार घेत असलेले २२ रुग्ण त्याच दिवशी मृत्युमुखी पडले. गळतीच्या पांढऱ्या धुराची दृश्ये देशभर पाहिली गेली. राष्ट्रपतींपासून मुख्यमंत्र्यांपर्यंत सर्वांनी शोक व्यक्त केला. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. ते रुग्ण कशामुळे गेले, याविषयी त्या दिवशी कोणाच्याच मनात संदेह नव्हता.

त्यानंतर सुमारे तीन महिन्यांनी, २० जुलै २०२१ रोजी, राज्यसभेत एक प्रश्न विचारण्यात आला. दुसऱ्या लाटेत प्राणवायूअभावी किती रुग्ण दगावले, हे सदस्यांना जाणून घ्यायचे होते. केंद्र सरकारचे लेखी उत्तर असे होते की, आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, मृत्यूंच्या नोंदीबाबत राज्यांना सविस्तर सूचना दिलेल्या आहेत, राज्ये त्याप्रमाणे आकडे कळवितात. आणि प्राणवायूअभावी मृत्यू झाल्याचे कोणत्याही राज्याने विशेषत्वाने कळविलेले नाही. हे उत्तर ज्यांच्या नावे आले त्या तत्कालीन आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार या दिंडोरीच्या, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्याच मतदारसंघाच्या, खासदार होत्या. त्यात त्यांचा व्यक्तिगत दोष शोधणे अन्यायाचे होईल. उत्तर खात्याने तयार केले होते, आणि शब्दशः पाहता ते खोटेही नव्हते. राज्यात त्या वेळी विरोधी पक्षांचे सरकार होते. त्या सरकारचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनीही, प्राणवायूच्या तुटवड्याने महाराष्ट्रात कोणी दगावल्याचे आपण कळविलेले नाही, असेच सांगितले. नाशिकची घटना हा अपघात होता, तुटवडा नव्हता, असा भेद करता येतोही. परंतु एकमेकांवर एरवी तुटून पडणारी दोन सरकारे एका उत्तरावर इतक्या सहजपणे एकत्र येतात, तेव्हा ते उत्तर कोणाच्या सोयीचे होते हे वेगळे सांगावे लागत नाही.

अशा उत्तराचे मूळ मृत्यूच्या दाखल्यात आहे. रुग्णालयात होणाऱ्या मृत्यूसाठी डॉक्टरांनी भरावयाच्या 'नमुना ४' मध्ये तात्कालिक कारण, त्यामागचे कारण आणि मूळ कारण अशी उतरंड असते. मृत्यू नैसर्गिक की अपघाती, हे लिहिण्यासाठीही तेथे जागा आहे. करोनाच्या काळात मूळ कारण म्हणून करोना लिहावे, अशी सूचना होती व ती शास्त्राला धरून होती. म्हणजे आजाराची नोंद झाली, पण यंत्र कोठे बंद पडले, टाकी कोठे गळली, खाट कधी मिळाली नाही, याची बेरीज कोणत्याही तक्त्यात उतरली नाही. जिल्ह्याने मोजले नाही म्हणून राज्याने कळविले नाही; राज्याने कळविले नाही म्हणून केंद्राकडे माहिती नाही; आणि माहिती नाही म्हणून प्रश्न उद्भवत नाही. ही साखळी इतकी निर्दोष आहे की तीत कोणालाच दोषी ठरविता येत नाही.

करोनाचा काळ असाधारण होता, असे यावर म्हटले जाईल. मग त्याच्या आधीचे उदाहरण घ्यावे. २०१७ च्या ऑगस्ट महिन्यात नाशिकच्या जिल्हा शासकीय रुग्णालयातील नवजात अर्भकांच्या कक्षात ५५ बालके दगावल्याचे उघडकीस आले. त्या एप्रिलपासूनचा एकूण आकडा १८७ होता. उपलब्ध १८ इन्क्युबेटरमध्ये एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बालके ठेवावी लागत होती. यंत्रणेचा खुलासा असा होता की, बहुतेक बालके खाजगी रुग्णालयांतून अगदी अखेरच्या अवस्थेत आणली गेली होती, काहींचा जन्म अकाली झाला होता, काहींची फुप्फुसे दुबळी होती. प्रत्येक बालकापुरता हा खुलासा खराही असेल. पण १८७ बालकांचा खुलासा एकेका बालकाच्या कागदातून होत नाही. ती कोणत्या तालुक्यांतून आली, सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांतून किती आली, वाटेत किती तास गेले, मातेला गरोदरपणी काय मिळाले, हे एकत्र मांडले असते तर प्रश्न नाशिकच्या एका कक्षाचा नसून जिल्ह्याच्या रचनेचा आहे, हे कळले असते. त्याऐवजी चर्चा अडली ती झाडांपाशी. नव्या कक्षासाठी निधी मंजूर असूनही जागेवरील झाडे तोडण्याची परवानगी महापालिकेकडून मिळाली नसल्याने काम रखडले, असे सांगण्यात आले. आरोग्य आणि पर्यावरण ही दोन खाती एकमेकांना भेटली, ती केवळ एकमेकांची सबब म्हणून.

वस्तुतः ही दोन खाती एकाच प्रश्नाची दोन अंगे आहेत. केंद्राने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला तेव्हा हवेच्या विहित मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत नाशिकचे नाव होते. थंड, कोरड्या हवेचे गाव म्हणून ज्याची ख्याती, त्याला ही पायरी गाठावी लागली. हवा अशुद्ध असेल तर तिने आजारी पडणारे आणि मरणारे किती, हा प्रश्न ओघानेच येतो. संसदेत तो वर्षानुवर्षे विचारला जात आहे, आणि उत्तरही ठरलेले आहे: केवळ वायुप्रदूषणामुळे मृत्यू झाल्याचा थेट संबंध प्रस्थापित करणारी निर्णायक माहिती देशात उपलब्ध नाही. या उत्तराचा सारा भार 'केवळ' या एका शब्दावर आहे. केवळ एकाच कारणाने मरणारा मनुष्य वैद्यकशास्त्रात सहसा सापडत नाही. तंबाखूने किंवा कुपोषणानेही 'केवळ' कोणी मरत नाही. तरी सरकार तंबाखूच्या पुड्यावर कर्करोगाचे चित्र छापते आणि बालकांसाठी पोषण आहाराची योजना चालविते. लंडनमध्ये २०१३ साली दम्याने मरण पावलेल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूची फेरचौकशी होऊन डिसेंबर २०२० मध्ये मृत्युचौकशी अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषणाची नोंद केली. दमा होताच, त्याला प्रदूषणाने हातभार लावला, असा तो निष्कर्ष होता. दम्याची नोंद कायम ठेवून प्रदूषणाचीही करता येते, हे तेथे दिसले. आपल्याकडे दम्याची नोंद झाली की चौकशी संपते.

रोग आणि परिसर यांची सांगड घालावयास अगाध विद्वत्ता लागत नाही. १८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे नकाशावर मांडली आणि ती एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेली असल्याचे दाखवून दिले. पटकीचा जंतू तेव्हा वैद्यकाच्या ध्यानीमनीही नव्हता. हाताशी होती ती घरोघरची मोजणी, आणि दोन प्रकारची माहिती एका कागदावर आणण्याची तयारी. नाशिकमध्ये नेमकी हीच तयारी नाही. गोदावरीच्या पाण्याचे नमुने प्रदूषण नियंत्रण मंडळ तपासते. नासर्डी आणि वाघाडी यांतून नदीत येणारे सांडपाणी आणि तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक येथील मलनिस्सारण केंद्रे हा महापालिकेच्या अखत्यारीतला विषय आहे. जुलाब, कावीळ, डेंग्यू यांचे रुग्ण आरोग्य विभाग मोजतो. प्रत्येक आकडा आपापल्या दप्तरात सुरक्षित असतो. नदीकाठच्या कोणत्या प्रभागात, पाण्याची प्रत घसरल्यानंतर किती रुग्ण वाढले, हे सांगणारा तक्ता मात्र नागरिकांसमोर येत नाही. गोदावरीच्या प्रदूषणाचा प्रश्न नागरिकांना उच्च न्यायालयात न्यावा लागला, याचे एक कारण हेही आहे.

यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ अन्वये आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल महापालिकेपुढे ठेवणे बंधनकारक आहे. या अहवालात हवा, पाणी, आवाज, घनकचरा यांची प्रकरणे असतात. त्याच अहवालात प्रभागवार आजार आणि मृत्यू यांचे प्रकरण जोडण्यास कायद्याची कोणतीही आडकाठी नाही. जिल्ह्याच्या ग्रामीण भागासाठी असाच तालुकावार तक्ता जिल्हा परिषदेने तयार करावा. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६१ लाख होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि ती आता २०२७ वर गेली आहे. दरहजारी किती, हे सांगताना ज्या संख्येने भागावयाचे तीच इतकी जुनी असेल, तर सरासऱ्यांवर विसंबून राहणे अधिकच धोक्याचे. अशा वेळी प्रत्यक्ष नोंदी उघड करणे हाच प्रामाणिक मार्ग उरतो.

सिंहस्थामुळे या साऱ्याला तातडी आली आहे. २०२५ च्या अखेरीस साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि शहरातून त्याला कडाडून विरोध झाला. अर्भकांच्या कक्षाला जी झाडे अडथळा ठरली, तशीच झाडे मेळ्याच्या तंबूंसाठी तोडता येतील असे प्रशासनाला वाटावे, यात नियोजन नाही. त्या त्या वेळची निकड तेवढी आहे. लक्षावधी भाविक एका लहान नदीपात्रात उतरणार असतील, तर किती पाणी, किती शौचालये, किती खाटा, किती प्राणवायू, यांचा हिशेब आधीच्या पर्वण्यांतील आजारांच्या नोंदींवर बसवावा लागतो. रस्त्यांच्या निविदा प्रसिद्ध होतात, तसे मेळ्याच्या काळातील रुग्णांचे आकडे रोजच्या रोज प्रसिद्ध करण्याचे बंधन शासनाने स्वतःवर घालून घ्यावे. भाविक घाबरतील ही भीती अनाठायी आहे. लपविलेल्या आकड्यांतून पसरणारी अफवा अधिक घाबरविते.

लोकप्रतिनिधींचीही यात जबाबदारी आहे. मंत्र्यांना कोंडीत पकडण्यापुरता तारांकित प्रश्न विचारावा आणि 'माहिती उपलब्ध नाही' हे उत्तर मिळाले की निषेध करून बसावे, एवढ्याने भागत नाही. माहिती उपलब्ध नसेल तर ती कोण गोळा करणार, कोणत्या नमुन्यात आणि कोणत्या तारखेपर्यंत सभागृहाच्या पटलावर ठेवणार, हे वदवून घेतल्याखेरीज प्रश्न सोडता कामा नये. नाशिकच्या खासदार-आमदारांनी पक्षभेद बाजूस ठेवून २०१७ च्या अर्भकांचा आणि २०२१ च्या रुग्णांचा प्रश्न अशा रीतीने लावून धरावा. टाकीतील दाब घसरला की तो दाखविणारा काटा रुग्णालयात असतो. शासनाकडे असा काटा असावयाचा तर तो आकडेवारीचाच असेल. तो शून्यावर अडकवून ठेवून सर्व ठीक असल्याचे सांगत राहण्याची मुभा कोणत्याही पक्षाच्या सरकारला मिळता कामा नये.